कोळशाची सिगडी गॅसवर नेताना: भोक आधी, बर्नर नंतर

शेगडी हा शब्द मुळात कोळशाचा. घराघरात गॅस आला तेव्हा आपण वस्तू बदलली आणि नाव तेच ठेवलं. कदाचित त्यामुळेच पुष्कळांना वाटतं की निखाऱ्याच्या जागी बर्नर बसवला की काम झालं. गेली बावीस वर्षं मी ठाण्यात हॉटेलांच्या भट्ट्या बनवतो आणि दुरुस्त करतो. बर्नर बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, एका दुपारचा. बाकीचं काम मात्र समजून केलं नाही तर माणूस भाजतो.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पाठोपाठ मुंबई महापालिकेने कोळशाचा तंदूर लावणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा धाडल्या, मुदत जुलै २०२५ पर्यंतची. तेव्हापासून माझ्याकडे रोज एकच फोन येतो: "शेठ, सिगडी आहे तीच गॅसवर करून द्या ना, नवीन घ्यायला परवडत नाही." करून देता येते. पण प्रत्येक सिगडी नाही, आणि कुणी म्हणेल तशी नाही.

त्याच दिवसांत एका हॉटेलात मला बोलावलं. हॉटेलमालकाने कुणा वेल्डरकडून सिगडीत पाइपचा बर्नर टाकून घेतला होता. सिगडी स्टीलच्या काउंटरमध्ये बसवलेली, खाली कपाट, कपाटाला दारं, आणि आत सिलिंडर. सीग कबाब भाजणाऱ्या पोराने बर्नर पेटवला, वाऱ्याने विझला. परत लावला, परत विझला. तिसऱ्यांदा लायटर ओढला तेव्हा कपाटाची दारं उघडून आदळली आणि ज्वाळा त्याच्या तोंडापर्यंत आली. भुवया गेल्या, उजव्या हाताचे केस जळाले, कातडी लाल झाली. एवढ्यावर निभावलं. तो मला म्हणाला, "काका, आधी पण दोनदा विझला होता, मी लगेच परत लावला." मी कपाटात वाकून पाहिलं तर तळाला एकही भोक नव्हतं.

कोळसा धोका देतो तो पेटलेला असताना: चटका बसतो, ठिणगी उडते, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरतो. गॅस धोका देतो तो पेटलेला नसताना. म्हणून सिगडी बदलताना प्रत्येक टप्प्यावर मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: या क्षणी ज्योत विझली आणि गॅस चालूच राहिला, तर तो जाईल कुठे? खालचा सगळा लेख याच प्रश्नाच्या उत्तरांचा आहे.

गॅस कसा वागतो

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. दोन्ही हवेपेक्षा जड, प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळाला की तो पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीवर पसरतो, गटारात शिरतो, खोलगट भांड्यात भरून राहतो. हवेत तो साधारण दोन टक्के झाला की ठिणगी पुरेशी होते. सिलिंडरमधला द्रव बाहेर आला की त्याचा सुमारे अडीचशे पट वायू होतो, त्यामुळे थोडीशी गळतीही मोठी जागा भरते. त्याला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. पण भट्टीपाशी मसाला, धूर आणि घाम यांच्यात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला तो वास उशिरा कळतो. वासावर विसंबू नका.

पाइपने येणारा गॅस वेगळा. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जातो. त्याला खालच्या भोकांपेक्षा वरची मोकळी जागा लागते, आणि त्याचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, वेगळ्या मापाचे असतात. तीन किलोवॅटच्या बर्नरला सिलिंडरच्या गॅससाठी साधारण ०.८५ मिलिमीटरचा जेट लागतो, तर पाइपच्या गॅसला त्याहून बराच मोठा, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. पाइपच्या गॅसचा जेट सिलिंडरवर लावला तर ज्योत हातभर उंच जाते. उलट केलं तर कोमट राहते. हा लेख सिलिंडरच्या गॅसचा आहे. तुमच्याकडे पाइपलाइन असेल तर सांगाडा खाली लिहिलाय तसाच तयार करा, आणि बर्नर, जेट आणि जोडणी गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

कोणती सिगडी बदलायची नाही

आधी नकारापासून सुरुवात करतो, त्याने पैसे वाचतात.

मातीचा तंदूर स्वतः बदलू नका. तंदूर म्हणजे घागर. तळ जवळजवळ बंद, पोट मोठं, तोंड अरुंद. जड गॅस साचायला याच्याइतकं सोयीचं भांडं नाही, आणि पोळी लावायला माणूस त्याच्या तोंडावरच वाकतो. कारखान्यातून गॅससाठीच बनवलेला तंदूर घ्या, ज्यात ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी यंत्रणा आधीच बसवलेली असते.

ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची, पर्यटकांना विकतात तशी घडीची सिगडी सोडून द्या. जी.आय. पत्र्याची, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली सिगडीही नको, कारण जस्त तापलं की त्याच्या धुराने ताप-थंडी भरते. काउंटरच्या आत चारी बाजूंनी बंद बसवलेली सिगडी बाहेर काढता येत नसेल, तर तीही नको. आणि तळघरात कोणतीच नको. तळघरात जड गॅसला बाहेर जायला वाटच नसते.

बदलायला योग्य ती लोखंडी लांबट सिगडी: पायावर उभी, जाड पत्र्याची, वरून उघडी, जिच्यावर सळया आडव्या ठेवून सीग, टिक्का, पापलेट भाजतात. तिची लांबी तीन फूट, रुंदी नऊ इंच आणि खोली आठ-नऊ इंच असते असं धरून पुढचं लिहितो. गच्चीवरची घरगुती चौकोनी सिगडीही याच पद्धतीने होते, फक्त बर्नर एक-दोन कमी.

आता सिगडी रिकामी करा आणि उलटी करा. वर्षानुवर्षांची राख कोपऱ्यात बसलेली असते, ती ओल धरते आणि पत्रा आतून खाते. वरून धडधाकट दिसणारा तळ मी स्क्रूड्रायव्हरने टोचतो. टोक आत गेलं तर तळ कापून नवा तीन मिलिमीटरचा पत्रा जोडावा लागेल. पाय हलत असतील तर आधी पाय. गॅसची नळी जोडलेली सिगडी लवंडली, तर जोड तुटतो.

भोकं

हे काम बर्नर विकत आणण्याच्याही आधी करा. बर्नर आणला की माणसाला तो लगेच पेटवून बघायची घाई होते, मी स्वतः ती घाई केलेली आहे.

सिगडीच्या दोन्ही लांब बाजूंना, अगदी तळाला लागून, समोरासमोर एकेक खिडकी कापा, साधारण सहा इंच रुंद आणि तीन इंच उंच. खिडकीची खालची कड तळाच्या पत्र्याला भिडलेली हवी. तळापासून इंचभर जरी वर राहिली तरी तेवढा इंचभर गॅस आत बसून राहील. शिवाय तळात बारा मिलिमीटरची भोकं दोन ओळींत पाडा, प्रत्येक चार इंचांवर एक. ग्राइंडरने कापल्यावर धारा घासून घ्या, नाहीतर साफ करताना बोटं कापतात.

या भोकांतून चरबी आणि तेल टपकणार, म्हणून खाली ट्रे लागेल. ट्रे तळापासून दोन इंच खाली, चारी बाजूंनी मोकळा आणि उथळ ठेवा. मी अर्ध्या इंचाहून उंच कड ठेवत नाही. खोल ट्रे दिला तर जो गॅस आपण सिगडीतून काढला तो ट्रेमध्ये भरेल.

सिगडीखालची जमीन मोकळी हवी. कपाट नको, पोती नकोत, आणि जवळ गटाराचं तोंड तर अजिबात नको. हॉटेलाच्या मागच्या बाजूला मोरीची जाळी असतेच. सिगडी तिथून हलवा किंवा जाळी पाण्याच्या सापळ्याची करून घ्या.

बर्नर आणि उष्णता

सिगडीला किती उष्णता लागते? भाजण्याच्या जाळीला दर चौरस इंचामागे ताशी नव्वद बीटीयूच्या (उष्णता मोजायचं एक माप) आसपास धरतात. तीन फूट बाय नऊ इंच म्हणजे ३२४ चौरस इंच, हिशेब येतो साडेआठ किलोवॅट. तीन-तीन किलोवॅटचे तीन बर्नर लावले की नऊ होतात, बरोबर बसतं. तिन्ही पूर्ण उघडले तर ताशी सुमारे सातशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे १९ किलोचा सिलिंडर सत्तावीस तासांच्या आसपास चालेल. कोळसा गिऱ्हाइकाची वाट बघतानाही जळतच असतो. इथे गर्दी नसेल तेव्हा दोन बर्नर बंद ठेवता येतात, आणि पहिल्याच महिन्यात तो फरक वहीत दिसतो. म्हणून एक लांबच लांब बर्नर टाकू नका. तीन वेगळे टाका, प्रत्येकाला वेगळी चावी.

पाइपला ड्रिलने भोकं पाडून घरी बर्नर बनवू नका. ही माझी ठाम विनंती आहे. भोकांचं एकूण क्षेत्रफळ, जेटचं माप आणि हवा ओढणारी नळी यांचं गणित जुळलं नाही तर ज्योत एक तर भोकांपासून उडते, नाहीतर उलटी आत शिरून जेटपाशी जळायला लागते. आत शिरली की नळी लाल होते आणि चावीचा सील वितळतो. बाजारात स्टीलचे नळीचे बर्नर जेटसकट तयार मिळतात. ३०४ दर्जाचं स्टील मागा, आणि "सिलिंडरचा गॅस, कमी दाब" हे दोन शब्द स्पष्ट सांगा.

बर्नर बसवताना एक गोष्ट बहुतेक वेल्डर चुकवतात. बर्नरच्या नळीचं हवा ओढणारं तोंड, जेट आणि चावी हे तिन्ही सिगडीच्या बाहेर राहिले पाहिजेत. तोंड आत राहिलं तर बर्नर आतली जळकी, गरम हवा ओढतो. ज्योत पिवळी होते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आखूड बाजूला नळीच्या मापाचं भोक पाडून तोंड दोन इंच बाहेर काढा. चाव्यांच्या पट्टीमध्ये आणि सिगडीच्या भिंतीमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून मध्ये एक पत्रा आडवा लावा. चावीला उघड्या हाताने धरवलं नाही, तर ती फार जवळ आहे.

जेट नळीच्या तोंडाच्या बरोबर मध्यावर, सरळ बघणारा हवा. तिरका बसला तर गॅस एका भिंतीवर आपटतो आणि हवा पुरेशी मिसळत नाही.

ज्योत विझली तर गॅस तोडणारी चावी

दुकानात हिला एफएफडी म्हणतात. दर बर्नरला एक लावा. पैसे वाचवायचे असतील तर सिगडीला रंग देऊ नका, पण ही चावी वगळू नका. त्या पोराच्या सिगडीत ही असती तर पहिल्यांदा विझल्यावरच गॅस थांबला असता.

तिचं काम साधं आहे. ज्योतीत एक छोटी तांब्याच्या रंगाची काडी असते, थर्मोकपल. ती तापली की तिच्यात काही मिलिव्होल्टची वीज तयार होते, आणि तेवढी वीज चावीतल्या चुंबकाला धरून ठेवते. ज्योत विझली, काडी थंड झाली, की चुंबक सुटतो आणि स्प्रिंग गॅस बंद करते. त्यामुळे पेटवताना चावी दाबून दहा-पंधरा सेकंद धरावी लागते. भाजणारे याला वैतागतात. मी अशा सिगड्या पाहिल्या आहेत जिथे चावी दाबलेली राहावी म्हणून तार बांधली होती. तशी तार दिसली तर ती मी स्वतः कापतो आणि मालकाला बोलावून दाखवतो.

काडीचं टोक ज्योतीच्या आत अर्धा इंच जायला हवं, आणि तिच्यावर चरबी टपकणार नाही अशा जागी.

निखाऱ्याची जागा कोण घेणार

कोळशावर भाजलेल्याला जी चव येते तिच्याबद्दल लोक खूप बोलतात. भाजण्याच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, निखारा नुसत्या गरम हवेने नाही तर किरणांनी तापवतो, म्हणून मांस बाहेरून पटकन धरतं. दोन, चरबी, दही आणि तेल निखाऱ्यावर पडून त्याचा धूर परत वर येतो. तोच आपल्याला आवडणारा वास. गॅसच्या ज्योतीत या दोन्ही नाहीत. तिच्यातून नुसती गरम हवा आणि पाण्याची वाफ वर जाते. म्हणून बर्नर आणि सळया यांच्यामध्ये काहीतरी असं हवं जे लाल होईल आणि थेंब झेलेल.

दोन पर्याय आहेत. पहिला, लाव्हाचे सच्छिद्र दगड. ते बिडाच्या किंवा जाड स्टीलच्या जाळीवर एक थर पसरायचे. जाळी बर्नरपासून दोन-अडीच इंच वर, आणि सळया दगडांपासून तीन-चार इंच वर. दुसरा, स्टीलची उलट्या ‘व्ही’च्या आकाराची पट्टी दर बर्नरवर. पट्टी साफ करायला सोपी, थेंब थेट बर्नरच्या भोकांवर पडू देत नाही. दगड उष्णता समान करतात आणि धूर जास्त देतात, पण महिन्या-दोन महिन्यांनी चरबीने माखतात आणि मग भडका उडतो. माझी पसंती: हॉटेलाला दोन्ही एकत्र, खाली पट्टी आणि वर दगडांचा विरळ थर. घरी नुसती पट्टी पुरते.

दगड दुकानातूनच घ्या. आपला सह्याद्री लाव्हाचाच आहे, म्हणून एका शेठजींनी काळ्या पाषाणाची खडी आणून टाकली होती. तो दगड घट्ट असतो, त्याच्या भेगांत ओल राहते, आणि तापल्यावर चिरफळ्या उडतात. नदीतल्या गोट्यांचं तर विचारूच नका. फुटलेला गोटा डोळ्यात जातो.

आणि गॅस लावल्यावर त्याच सिगडीत कोळसा पुन्हा टाकायचा नाही. "चवीपुरता थोडा" हे मी रोज ऐकतो. राख बर्नरच्या भोकांत जाते, निखारा नळीला चिकटतो, आणि रात्री गॅस बंद केल्यावरही आत विस्तव उरतो. दुसऱ्या दिवशी गळती झाली तर पेटवायला तो तयारच असतो. वास हवाच असेल तर भाजून झाल्यावर झाकणाच्या भांड्यात वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडून धुंगारी द्या, सिगडीपासून लांब.

सिलिंडर, रेग्युलेटर, नळी

धंद्याला घरगुती, म्हणजे लाल १४.२ किलोचा सिलिंडर वापरणं बेकायदा आहे. निळा १९ किलोचा घ्या. १०० किलोपेक्षा जास्त गॅस साठवायला परवाना लागतो, म्हणजे भरलेले पाच सिलिंडर ही तुमची हद्द. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर चाचणीची मुदत लिहिलेली असते: ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढे वर्षाचे दोन आकडे. मुदत उलटलेला सिलिंडर परत द्या.

रेग्युलेटर कमी दाबाचा हवा. आपल्या बर्नरला ३० मिलिबारच्या आसपास दाब लागतो. हलवायाच्या भट्टीवर जो फिरवता येणारा मोठा रेग्युलेटर असतो, तो जास्त दाबाचा. सळयांच्या सिगडीवर तो लावला तर ज्योत दगडांतून वर फुत्कारते. आणि रेग्युलेटरवर लिहिलेली ताशी क्षमता तुमच्या सातशे ग्रॅमपेक्षा बरीच जास्त असावी, नाहीतर तिसरा बर्नर उघडला की पहिल्या दोघांची ज्योत बसते.

नळी आतून तारेचं वेष्टन असलेली, आयएस ९५७३ छापलेली. तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायचीच. दीड मीटरपेक्षा लांब नको. सिगडीच्या खालून किंवा टपकणाऱ्या तेलाखालून जाता कामा नये. उंदरांचा त्रास असलेल्या स्वयंपाकघरात मी नळी ठेवतच नाही, धातूचा पाइप टाकायला लावतो. हिरवी पारदर्शक पाण्याची नळी क्लॅम्प लावून गॅसला जोडलेली मी तीन ठिकाणी पाहिली आहे. ती गॅसने कडक होते आणि तडकते.

हॉटेलात सिलिंडर इमारतीबाहेर, जमिनीच्या पातळीला, जाळीच्या कुलूपबंद पिंजऱ्यात. तिथून धातूचा पाइप आत, आणि सिगडीपाशी हात पोचेल अशी एक मुख्य चावी. ही जोडणी वितरकाच्या अधिकृत माणसाकडून करून घ्या आणि त्याची पावती फाइलला लावा. अग्निशमन दलाचा माणूस आला की तीच मागतो. घरी गच्चीवर सिलिंडर सिगडीच्या बाजूला लांब ठेवा, सिगडीखाली कधीच नाही. सिलिंडर कायम उभा. आडवा केला तर द्रव गॅसच नळीत येतो.

नाशिक-पुण्याकडे थंडीच्या रात्री सलग चालवलं की सिलिंडरच्या अंगावर दव आणि कधी बर्फ धरतो, ज्योत मंदावते. आतला द्रव तेवढ्या वेगाने वायू होऊ शकत नाही, एवढंच त्याचं कारण. गरम पाणी ओतू नका, पेटता कागद फिरवू नका. दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्या.

पहिली पेटवणी

सळया, दगड, पट्ट्या सगळं बाहेर काढा. आधी गळती तपासा. भांडी घासायचा साबण निम्म्या पाण्यात मिसळा, ब्रश घ्या. बर्नरच्या चाव्या बंद, रेग्युलेटर चालू. सिलिंडरपासून सुरू करून प्रत्येक जोडावर फेस लावा आणि दहा सेकंद नुसतं बघा. गळती बारीक असेल तर बुडबुडा मुंगीच्या डोक्याएवढा येतो आणि हळूहळू फुगतो, घाई केली तर दिसत नाही. काडी पेटवून गळती शोधणारा माणूस कामावर असेल तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा.

मग बर्नर, एकेक करून. लांब दांड्याचा लायटर आधी बर्नरपाशी पेटता धरायचा, मग चावी उघडायची. हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. तोंड सिगडीवर वाकलेलं नको, बाजूला उभं राहायचं. पाच आकडे मोजेपर्यंत पेटला नाही तर चावी बंद, आणि पूर्ण पाच मिनिटं काही करायचं नाही. गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही.

ज्योत बघा. निळी, आतला शंकू स्पष्ट, भोकाला धरून हवी. टोकं पिवळी असतील तर बर्नरच्या हवा ओढणाऱ्या तोंडावरची झडप थोडी उघडा. ज्योत भोकापासून सुटून फुरफुरत असेल तर झडप थोडी मिटा. हे काम संध्याकाळी दिवे कमी करून केलं तर रंग नीट दिसतो. नंतर मुद्दाम ज्योत फुंकून विझवा आणि घड्याळ लावा. मिनिटभरात चावीतून "टक्" असा आवाज येऊन गॅस तुटला पाहिजे. नाही तुटला तर सिगडी वापरात आणू नका.

आता दगड आणि जाळी परत ठेवा, पंधरा मिनिटं तापू द्या, आणि जाळीवर स्लाइस पाव शेजारी-शेजारी मांडा, तीन फुटांवर पसरून. दोन मिनिटांनी सगळे उलटे करून ओळीने ठेवा. कुठे काळा, कुठे पांढरा, सिगडीचा नकाशाच समोर येतो. दोन बर्नरांच्या मधली पट्टी पांढरी राहिली तर तिथे दगड दाट करा. कडेचे पाव जळाले तर बर्नर भिंतीपासून इंचभर आत घ्या. मी सिगडी ताब्यात देण्यापूर्वी हे पाव मालकाला आणि भाजणाऱ्याला दोघांनाही दाखवतो, कारण कोळशावर हात बसलेल्या उस्तादाला आता कुठे काय ठेवायचं ते नव्याने शिकायचं असतं. त्याला पहिले आठ दिवस द्या.

रोजचं

रात्री बंद करताना आधी रेग्युलेटर, मग नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग बर्नरच्या चाव्या. चरबीचा भडका उडाला तर चाव्या बंद, सळया उचला, वरून मीठ किंवा खायचा सोडा टाका. पाणी नाही. पावडरचं अग्निशामक सिलिंडर सिगडीपासून चार-पाच पावलांवर, दाराच्या बाजूला टांगा. सिगडीच्या मागच्या भिंतीवर टांगलं तर आग लागल्यावर आगीवरून हात घालावा लागेल. आणि गळत्या जोडालाच ज्योत लागलेली असेल तर आधी गॅस बंद करायचा, ज्योत विझवायची नाही, कारण विझवली आणि गॅस चालू राहिला तर तो खोलीत भरणार. बंद करणं जमत नसेल तर माणसं बाहेर काढा. गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१. दोन्ही आकडे भिंतीवर रंगाने लिहून ठेवा, फोनमध्ये नको.

दर आठवड्याला ट्रे आणि पट्ट्या, दर महिन्याला साबणाचा फेस, दर तीन महिन्यांनी बर्नर काढून तारेच्या ब्रशने भोकं साफ. गच्चीवरची सिगडी पावसाळाभर झाकून ठेवलेली असते. दिवाळीनंतर ती काढताना बर्नरच्या नळीत बॅटरी मारून बघा. नळीच्या तोंडात कोळी जाळं करतो, बारीक, पांढरं, बाहेरून न दिसणारं. तेवढ्या जाळ्याने हवा अडते आणि ज्योत उलटी फिरून चावीपाशी येते. बाटली धुवायचा लांब ब्रश एकदा आत-बाहेर फिरवला की झालं.